डावीकडून घातलेले टाके

माझ्या सुनेनं माझी चूक भिंतीवर टांगली आहे. चांगली काचेत बसवून, शेजारी अक्षरं छापून. येणारा-जाणारा थांबतो, चष्मा सावरतो आणि वाचतो. चाळीस वर्षं मी लोकांच्या भिंतींसाठी फ्रेमा केल्या, एकाही फ्रेमखाली माझा शब्दानं उल्लेख नाही. आणि झाला तेव्हा हा असा झाला. शेजारीण विचारते, "राग नाही आला का हो सुनेचा?" आला ना. मला सगळ्यांचाच येतो, तिनं काय घोडं मारलंय! पण आता ती भिंत डोळ्यांसमोर आली की आधी सुनेचे आणि त्या टोपीबाईचे उपकार आठवतात, आणि मग रागाचं नावही निघत नाही. कसं झालं ते सांगते.

आमचं दुकान फ्रेमांचं. पुढे काउंटर, मागे कामाची खोली, खोलीला एकच मोठी खिडकी. नवरा गेल्यापासून मीच बघते. शाळा मी दोनच वर्षं केली. मी डावखुरी. बाई पट्टीनं माझ्या डाव्या बोटांवर मारायच्या, उजव्या हातानं लिही म्हणून. तिसऱ्या वर्षी मी त्या पट्टीचे दोन तुकडे केले, ते टेबलावर नीट शेजारी-शेजारी ठेवले आणि घरी आले ती परत गेले नाही. आईनं हातात सुई दिली. सुईला हात कोणता ते विचारायची सवय नसते. लग्नापर्यंत मी लोकांचे कपडे शिवले, लग्नानंतर सुई गेली आणि कटर आला.

सून प्रदर्शनं मांडते. मोठ्या संग्रहालयात नाही. दोन खोल्यांच्या गॅलरीत, आमच्या दुकानापासून चार इमारती पलीकडे. कुठलं चित्र कुठे लावायचं, किती उंचीवर, भिंतीला रंग कोणता, शेजारी किती शब्द, उजेड किती. लग्न ठरलं तेव्हा मी मुलाला विचारलं होतं, "म्हणजे खिळे कुठे मारायचे ते सांगते?" तो म्हणाला, "हो आई, साधारण तेच." तो बोटीवर नोकरीला. सहा-सहा महिने घरात आम्ही दोघीच. प्रत्येक प्रदर्शनाच्या आधी ती बुटाच्या खोक्याएवढी पुठ्ठ्याची गॅलरी करते, आत नखाएवढी चित्रं डकवते आणि एक डोळा मिटून दारातून बघत बसते. एकदा आत मुंगी शिरली तर म्हणाली, "पहिला प्रेक्षक आला." वेडीच आहे. पण हात स्वच्छ आहे तिचा, हे मी तेव्हाही मान्य करत होते. तोंडावर नाही, एवढंच.

यंदा तिनं लढाईतली चित्रं घेतली होती. एका चित्रकलेच्या मास्तरांची. लढाई लागली तेव्हा त्यांच्या लोकांना घराघरांतून उठवलं आणि तारेच्या कुंपणाआड छावणीत नेऊन टाकलं. गुन्हा काय, तर त्या लोकांत जन्माला आले. मास्तर आत गेले ते बाहेर आले नाहीत. आत चित्रं काढायला बंदी होती. सापडलं तर हात मोडायचे, असं सून म्हणाली. तरी त्यांनी काढली. सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर, पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीच्या पेराएवढ्या तुकड्यानं. त्यातली अकरा उरली, आणि ती होती मास्तरांच्या मुलीकडे.

ती मुलगी म्हणजे टोपीबाई. वय वर्षं ब्याऐंशी. ठरलेल्या वेळेआधीच ती दुकानात येऊन उभी राहिली. हातात काठी नाही, डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी, छातीशी धरलेली चपटी पेटी. मी माउंटचा पुठ्ठा कापत होते. ना नमस्कार ना चमत्कार, म्हणाली, "डावखुरी आहेस?"

"दिसत नाही का?" मी म्हटलं.

"दिसतंय म्हणूनच विचारलं. माझी आई तशीच होती. थप्पड मारायची ती नेहमी उजव्या गालावर बसायची. बाकी पोरांचे डावे गाल लाल, माझा उजवा."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मी तिला स्टूल दिलं, तर म्हणाली, "बसायला नाही आले. तुझा हात बघायला आले."

"मग बघा की. तिकीट नाही."

तेव्हा मात्र तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

सून आली, पांढरे हातमोजे घातले आणि पेटी उघडली. अकरा चित्रं, तळहातापेक्षा थोडी मोठी. रांगेत बसलेली माणसं. खाटेवर झोपलेला म्हातारा. बादली धुणारी पोरगी. एकात मास्तर स्वतः, खिडकीच्या काचेत बघून काढलेले, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा.

"एवढ्यावरून मला वडिलांचा चेहरा माहीत आहे," टोपीबाई म्हणाली. "फोटो एकही नाही."

सून हळूच म्हणाली, "आजी, पहिल्या भिंतीवर मला घरातल्यांविषयी लिहायचंय. वडील, तुम्ही, आई..."

"आईचं काही लिहायचं नाही."

"पण आजी—"

"ती एकाही चित्रात नाही. वडिलांनी सगळी छावणी काढली, तिला काढलं नाही. काहीतरी कारण असेल ना? तिचं एक अक्षर भिंतीवर दिसलं तर मी चित्रं घेऊन जाईन."

मग तिनं जे सांगितलं ते एकदाच सांगितलं, खिडकीबाहेर बघत. ती सहा वर्षांची होती. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेनं लहान मुलांची एक गाडी सोडवली होती. फाटकाशी आईनं तिच्या हातात रजई दिली. रजई जड, पोरगी एवढीशी. तिनं ती चिखलात टाकली. आईनं सगळ्यांसमोर, पहारेकऱ्यांसमोर, तिला नेहमीसारखी उजव्या गालावर थप्पड मारली. रजई उचलून परत तिच्या हातात कोंबली, म्हणाली, "कुणी मागितली तरी सोडायची नाही," आणि पाठ फिरवून चालू लागली. गाडी हलली. पोरगी हाका मारत होती. आईनं वळून बघितलं नाही.

"शेवटची भेट ती. लोकांना आईचं शेवटचं काय आठवतं? मला थप्पड आठवते." तिनं टोपी कानांवर ओढली. "तिला काळजी होती ती रजईची. माझी नाही."

मी विचारलं, "आणि चित्रं?"

"त्याच रजईत निघाली. मी आत्याकडे वाढले. दोन हिवाळ्यांनी आत्यानं कापूस पिंजायला रजई उसवली, तर अस्तराला ही शिवलेली. आत्या म्हणाली, बघ, माझ्या भावानं शिवणखोलीतल्या कुणा बाईच्या हातापाया पडून तुझ्यासाठी ही धाडली. तुझ्या आईनं काय केलं? तुला ढकलून दिलं."

"आई शिवणखोलीत नव्हती?" सुनेनं विचारलं.

"भांडी घासायला होती. सुई जवळ ठेवायला परवानगी फक्त शिवणखोलीत."

मी मनात म्हटलं, नणंद भावजयीविषयी बोलते तेव्हा त्यातलं निम्मं चाळणीतून गाळून घ्यावं. पण बोलले नाही. माझं दुकान फ्रेमांचं, पंचायतीचं नाही.

जाता जाता टोपीबाई सुनेला म्हणाली, "ही तुझी सासू बोलायला तिखट आहे. पण हात बरा आहे."

"हो ना," सून म्हणाली. "मी हाताकडेच बघते."

आठवड्यानं सून चित्रं घेऊन परत दुकानात आली, फ्रेमांत बसवायला. फ्रेमा तयार होत्या, माउंट तयार होते. माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. तिची खिडकी चित्रापेक्षा चारी बाजूंनी जराशी लहान कापतात, म्हणजे कागदाच्या कडा तिच्याखाली दबून चित्र जागेवर राहतं. सगळं जग असंच करतं. सून म्हणाली, "आई, कागदाला काही करायचं नाही हं. फक्त बसवायचं."

"चाळीस वर्षांत मी फ्रेमा केल्यात की वडे तळलेत?"

"तसं नाही आई—"

"कळलं मला."

तेवढ्यात गॅलरीतून दिवेवाल्याचा फोन आला, आणि ती दहा मिनिटांत येते म्हणून गेली.

पहिलंच चित्र बादलीवाल्या पोरीचं. वरची कड झिजलेली, दंतुर, उंदरानं कुरतडल्यासारखी. माउंटमध्ये ठेवलं तर ती कड वाकडी होऊन खिडकीत डोकावायला लागली. आता आमच्या धंद्यात गेली चाळीस वर्षं लोक काय घेऊन येतात? लग्नाचे फोटो, कॅलेंडरातले देखावे, पोरांची प्रमाणपत्रं. कड वाकडी असली की आम्ही सरळ पट्टी ठेवतो आणि कटर फिरवतो. गिऱ्हाईक वर म्हणतं, किती सुबक केलंत! माझ्या हाताला ती सवय. डोक्याला विचारायला हात थांबलाच नाही. पट्टी ठेवली, कटर फिरवला. सरळ, सुबक, बोटाच्या निम्म्या रुंदीची एक पट्टी कागदापासून सुटून टेबलावर पडली.

आणि मग मला कळलं, मी काय केलं ते.

खोटं नाही सांगत, पहिला विचार आला तो ती पट्टी टोपलीत टाकायचा. कुणाला कळणार होतं? माउंटखाली कड तशीही झाकली जाणार. मी पट्टी उचलली, टोपलीकडे हात नेला, आणि मधे खिडकी आली. पट्टीतून उजेड आला. बारीक बारीक ठिपके. एका रांगेत, सारख्या अंतरावर.

उंदीर काही मोजून कुरतडत नाही.

मी भिंग घेतलं. भोकं होती, सुईची. साधा धावदोरा, घाईचा पण नेटका. रांगेच्या एका टोकाला, चित्राच्या बाजूनं, कागदात मोहरीएवढा खळगा पडला होता. कापड शिवणाऱ्या बाईला तो खळगा सांगावा लागत नाही. ती गाठ. दोऱ्याची गाठ दोन वर्षं कापसाखाली कागदाला रुतून बसली होती. आणि गाठ जिथे असते, तिथून टाके सुरू होतात.

गाठ डावीकडे होती.

मी पट्टी टेबलावर ठेवली आणि माझ्याच हाताकडे बघत राहिले. उजव्या हातानं शिवणारी बाई उजवीकडे गाठ मारते आणि डावीकडे जाते. हात तसाच चालतो, त्याला इलाज नाही. मी उलटी. मी डावीकडून सुरू करते. शिवणाऱ्या बाकीच्या बाया मला हसायच्या, म्हणायच्या, ही दोरा उलटा नेते.

बाकीची दहा चित्रं मी एकेक करून खिडकीसमोर धरली. कात्री-कटरला हात न लावता, हातमोजे घालून, हे लक्षात ठेवा. सुनेचे हातमोजे मला लहान होतात, तरी घातले. दहाच्या दहा. गाठ डावीकडे.

दहा मिनिटं झाली होती. सून दारात होती.

"आई, काय झालं? चेहरा असा का?"

लग्नाला सात वर्षं झाली तिच्या. सात वर्षांत मी तिला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं, कारण सात वर्षांत माझं चुकलंच नव्हतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. मी पट्टी पुढे केली आणि म्हटलं, "चुकलं माझं. मी कापलं."

ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि दोघींना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. स्टुलावर बसली. पट्टी तळहातावर घेतली. म्हणाली, "आई, हे छावणीत टिकलं. रजईत टिकलं. गाडीतून आलं. शहात्तर वर्षं टिकलं."

"आणि माझ्या टेबलावर आलं. माहीत आहे मला. आता रडायचं नंतर, आधी हे बघ." मी तिला खिडकीशी नेलं. भोकं दाखवली, गाठ दाखवली, माझा हात दाखवला. ती शिकलेली पोरगी. पण अशी ऐकत होती जशी मी शाळेत कधीच ऐकलं नाही. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं, आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "उजवा गाल."

"मी आजींना फोन करते," सून म्हणाली. "प्रदर्शन माझं, चित्रं माझ्या सहीनं घेतलीत. जबाबदारी माझी."

"कापलं कुणी?"

"तुम्ही."

"मग सांगणार कोण? पेटी उचल."

टोपीबाईचं घर दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक खिडकी, पलंग, रेडिओ, आणि खिडकीत मावतील तेवढ्या कुंड्या. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, की तुमच्या वडिलांच्या चित्राची कड मी कापली, विचारलं नाही, सुनेनं नको म्हटलं होतं तरी कापली. आणि पट्टी टेबलावर ठेवली.

तिचा चेहरा लाकडासारखा झाला. "सगळी आणलीत?"

"हो," सून म्हणाली.

"ठेवा. आणि जा."

सून पेटी ठेवायला वाकली. मी म्हटलं, "जाते. पण आधी सुईदोरा द्या."

"काय?"

"सुईदोरा. आणि एक चिंधी. मग हाकला."

कुणाला वाटेल मला वेड लागलं. तिलाही वाटलं असणार. पण वेड्या बाईला लवकर घालवायचं तर ती मागते ते द्यावं, असा हिशेब करून तिनं डबा काढला. मी रुमालावर टाके घातले, दहा-बारा. मग सुई तिच्या हातात दिली. "आता तुम्ही घाला. माझ्या खाली."

"मला काय टाके घालता येत नाहीत?"

"येतात म्हणूनच सांगतेय."

तिनं घातले. म्हातारी बोटं, पण सवयीची. मग मी रुमाल टेबलावर पसरला. माझी गाठ डावीकडे. तिची उजवीकडे. ती कापलेली पट्टी दोन ओळींच्या वर ठेवली आणि भिंग तिच्या हातात दिलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं. ते पूर्ण वर जाईपर्यंत ती बघत राहिली.

"बाकीची?" तिनं विचारलं.

"सगळी अशीच आहेत, आजी," सून म्हणाली.

"शिवणखोलीत दुसरी कुणी डावखुरी असेल."

"असेल," मी म्हटलं. "मी काय तिथे नव्हते. पण मला सांगा, परक्या बाईनं असल्या कागदांपायी जीव धोक्यात घातला, असं मानायला तुमचं मन इतकी वर्षं तयार आहे. घरच्या बाईनं घातला म्हटलं की पुरावा मागता?"

सुनेनं माझा पदर ओढला. मी ओढू दिला, पण थांबले नाही. "आणि रजई चिखलात पडल्यावर तिनं काय करायला हवं होतं? पहारेकरी समोर. रजई जमिनीवर. कुणी वाकून उचलली असती, चाचपली असती, तर कागद सळसळला असता. मग ना तुम्ही गाडीत, ना चित्रं. तिच्याजवळ एकच गोष्ट होती जी सगळ्यांना खरी वाटेल. वैतागलेली आई पोराला मारते, यात कुणाला काय नवल? मारलं, उचलली, कोंबली. रडणाऱ्या पोराच्या हातातलं कुणी हिसकावत नाही."

"आणि वळून का नाही बघितलं?" हे तिनं मला विचारलं नव्हतं. खिडकीला विचारलं होतं.

मुलगा पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा मीही वळले नव्हते. वळले असते तर त्याला जाऊ दिलं नसतं. मी तेच सांगितलं, एवढंच आणि एवढ्याच शब्दांत. सून माझ्याकडे बघायला लागली. सात वर्षांत तिलाही हे माहीत नव्हतं.

टोपीबाईनं पेटी उघडली. मास्तरांचं ते लहान-मोठ्या डोळ्यांचं चित्र काढलं, खिडकीसमोर धरलं, आणि डाव्या टोकाच्या खळग्यावर अंगठा ठेवला. अंगठा तिथेच राहिला.

"हा चेहरा तिनं मला दिला," ती म्हणाली. "मी समजत होते, ह्यानं दिला."

मग तिनं टोपी काढली. पांढरे, पातळ, मुलीसारखे मऊ केस होते. सुनेला म्हणाली, "गरम होतंय. त्या कुंडीमागची खिडकी उघड." आणि मला म्हणाली, "तू बस. आता बस."

"ताई," मी म्हटलं. बाई वगैरे आता कसं म्हणणार? "ताई, चित्रं ठेवू की नेऊ?"

"न्यायची नाही तर काय! उद्घाटनाला दिवस किती राहिलेत?"

"तीन," सून म्हणाली.

"मग इथे काय बसलायत दोघी?"

त्या तीन दिवसांत सुनेनं पुठ्ठ्याची गॅलरी मोडून परत बांधली. माझे अकरा माउंट बाद झाले, कारण ते नेमकं तेच झाकत होते जे आता दाखवायचं होतं. मी खोल पेटीसारख्या नव्या फ्रेमा केल्या. चित्र मागून कागदाच्या दोन बारीक बिजागऱ्यांवर उचलून धरायचं, चारी कडा मोकळ्या. सून माझ्या शेजारी बसून लाकूड घासत होती. तिची नखं गेली, पण ती कुरकुरली नाही. दिवे तिनं समोरून काढून बाजूला लावले. मंद, कारण जुन्या कागदाला उजेड सोसत नाही. पण बाजूनं पडलेल्या उजेडात प्रत्येक भोकाला आपली सावली येते. समोरून बघितलं तर चित्र दिसतं. दोन पावलं सरकलात की टाके दिसतात. मी स्वतः सरकून बघितलं आणि तिला म्हटलं, "खिळे मारायचं काम नाही हे."

"तेच सांगत होते सात वर्षं," ती म्हणाली. हसत म्हणाली.

शब्दांवरून मात्र भांडण झालं. मी म्हटलं, सरळ लिही की आईनं शिवली. सून म्हणाली, "आई, आपल्याला जे दिसतं ते लिहू, आणि आजींना जे आठवतं ते लिहू. त्या दोन ओळींच्या मधे माणसानं स्वतः उभं राहायचं." ताईंनी तिचीच बाजू घेतली. म्हणून पहिल्या भिंतीवर, आतापर्यंत जिथे एक अक्षर नको होतं, तिथे असं आहे: 'अकराही चित्रांवरचे टाके डावीकडून सुरू होतात. मुलीची आई डावखुरी होती. फाटकाशी तिनं मुलीच्या उजव्या गालावर मारलं आणि रजई परत तिच्या हातात दिली.'

आणि बादलीवाल्या पोरीच्या चित्राच्या वरच्या बाजूला, केसाएवढं अंतर सोडून, ती पट्टी बसवली आहे. सुनेनं शेजारी लिहिलं होतं, 'प्रदर्शनाच्या तयारीत फ्रेम करणाऱ्या बाईंकडून ही पट्टी चुकून कापली गेली. त्यामुळे टाके लक्षात आले.' ताईंनी चष्मा लावून वाचलं.

"'चुकून' काढ," त्या म्हणाल्या. "चुकून कसलं? हौसेनं कापली. नीटनेटकेपणाच्या हौसेनं. तसं लिही."

"ताई, माझी काही इज्जत आहे की नाही?"

"आहे म्हणून तर खरं लिहायला सांगते."

तसंच छापलं. वाचणारे हसतात, आणि हसता हसता दोन पावलं सरकतात.

उद्घाटनाला पंचवीसएक माणसं असतील. दोन खोल्यांत तेवढीच मावतात. ताई टोपीशिवाय आल्या. भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, भिंतीवर लिहिलंय ते वाचा. सगळे दुसऱ्या खोलीत गेल्यावर त्या बादलीवाल्या पोरीसमोर उभ्या राहिल्या, मी शेजारी. बाजूच्या दिव्यात ती भोकं, सावल्यांसकट, एका रांगेत. त्यांनी माझा डावा हात धरला, उलटा करून तळवा बघितला, जसं कटर किंवा कात्री घ्यायच्या आधी माणूस धार बघतं.

"हा हात नसता तर मी अशीच गेले असते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "ताई, या हातावर लहानपणी पट्ट्या खाल्ल्यात मी. आज वसूल झाल्या."

त्यांनी माझा हात सोडला, स्वतःचा हात उजव्या गालावर नेला आणि चोळला. त्या हसत होत्या.

"लागायची हं पण," त्या म्हणाल्या. "फार लागायची."